बाराव्या कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती एकोणतीस वर्षं रोज चढले. लॉटमन काउंटीचं, म्हणजे टेक्सासातल्या आमच्या जिल्ह्याचं कोर्ट, तळमजला, डावीकडची खिडकी, त्या खिडकीत मी. जन्म, मरण, लग्न, जमिनी, गुरांच्या पाठीवरचे मालकीचे डागसुद्धा, सगळं माझ्या शिक्क्याखालून गेलेलं. माझा शिक्का बसेपर्यंत आमच्या काउंटीत माणूस मेला तरी कायद्याने जिवंतच असायचा. तेव्हा मी शहाणी नाही हे आधीच ठरलेलं होतं. निवृत्त झाल्यावर पायऱ्या सुटल्या, गुडघ्याला जरा आराम पडला आणि तेवढ्यात ते कॅलेंडर उपटलं.

आमच्या गावात आग विझवायला पगारी माणसं नाहीत, गावातलेच लोक धावतात. त्यांच्या बंबाला डिझेल लागतं म्हणून दरवर्षी एक कॅलेंडर काढून विकायचं असा प्रघात आहे. गेल्या वर्षी कॅलेंडरवर बंबाचे फोटो होते. गावात बंब एकच. जानेवारीत तो समोरून, फेब्रुवारीत डावीकडून, मार्चमध्ये उजवीकडून, आणि ऑगस्टपर्यंत मजल नुसत्या टायरपर्यंत आली होती. लोकांनी कॅलेंडर घेतलं, पण भिंतीकडे तोंड करून टांगलं. म्हणून यंदाच्या सभेत माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, टेक्सासात दोनशे चौपन्न काउंट्या. प्रत्येकीचं स्वतःचं कोर्ट. आपल्या पणजोबांनी राहायला खोपटं बांधली आणि भांडायला राजवाडे. त्यातले बारा राजवाडे टाका की कॅलेंडरवर."

सभेत ज्याने सुचवलं त्यानेच करायचं, हा नियम सगळ्या जगात सारखाच असावा. टाळ्या पडल्या आणि काम माझ्या गळ्यात आलं. फोटो काढायला वेल्डन श्रॅमला नेमलं, कारण गावात बरा कॅमेरा त्याच्याचकडे.

आता वेल्डनबद्दल सांगायला हवं. तो माझ्या कुंपणापलीकडे राहतो. चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचं काम त्याने केलं. तिथे वर बोलायला कोणी नसतं, ती सवय खाली उतरल्यावरही गेली नाही. त्याची बायको जाऊन अकरा वर्षं झाली, माझा नवरा एमिल जाऊन नऊ. त्या नऊ वर्षांत दर उन्हाळ्यात माझ्या फाटकावर टोमॅटोची टोपली येते, आणि टोपली परत करताना तिच्यात मी कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, ठेवते. "थँक यू, मिस नेल्डा." "आज वारा आहे, मिस नेल्डा." आमच्याकडे विधवेलाही मानाने मिसच म्हणतात. नऊ वर्षांचं आमचं संभाषण एका पोस्टकार्डात मावलं असतं.

आणि इकडे माझी मुलगी शेरिल फीनिक्सहून रोज फोन करत होती. तिने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. "आई, तू एकटी तिथे काय धरून बसलीयस? एजंट विक्रीसाठी घराचे फोटो काढायला कधी येऊ म्हणून विचारतोय." मी तिला सांगितलं होतं की कॅलेंडरचं काम होऊ दे, पाच तारखेला, बुधवारी, हो की नाही ते कळवते. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. एका माणसाने नुसतं "राहा" म्हटलं असतं तरी मी राहिले असते. पण तो माणूस वाऱ्याबद्दल बोलत होता. आणि या वयात आपण होऊन विचारायचं, म्हणजे उद्या कुंपणावरून मान वर करायला नको. बारा कोर्टं, सहा दिवस, एक गाडी. एवढ्यात बोलला तर बोलला, नाहीतर फीनिक्स, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आमच्या सहलीची आणि माझ्या फीनिक्सची बातमी गावाला लागायला दुपार पुरली. समोरची लव्हर्न टिप्टन लगबगीने आली. "अगं नेल्डा, खोल्या वेगळ्या घे. आणि दोन्ही पावत्या जपून ठेव, चर्चमध्ये कोणी विचारलं तर तोंडावर फेकता येतील." मी म्हटलं, विचारणारी तूच असशील. तर म्हणाली, "म्हणून तर सांगतेय." डॉमिनोच्या सोंगट्या खेळत बसणाऱ्या अड्ड्यावरच्या म्हाताऱ्यांनी वेल्डनला रस्ता सांगितला. पाच जणांनी पाच रस्ते सांगितले, आणि प्रत्येक रस्ता कुठल्या ना कुठल्या सॉसेजच्या दुकानावरून जात होता. कोर्टं कुणाच्याच रस्त्यावर नव्हती.

शुक्रवारी सकाळी निघालो. पहिलं कोर्ट प्रुइट काउंटीचं. लाल वालुकाश्म, चार कोपऱ्यांना चार बुरूज, मधोमध घड्याळाचा मनोरा. पुढच्या अंगाला मात्र दुरुस्तीसाठी परांची बांधलेली, आणि गवंड्यांसाठी निळे फिरते संडास रांगेने उभे. वेल्डन तासभर इमारतीभोवती फिरला. कुठूनही बघितलं तरी एक संडास चौकटीत येतच होता. मग तो म्हणाला, "वरून बघू."

मनोऱ्याच्या दाराशी पहारेकरी बसला होता. एकतीस ऑक्टोबर, म्हणजे हॅलोवीन, भुताखेतांची सोंगं घ्यायचा दिवस, त्यामुळे त्याच्या डोक्यावर चेटकिणीची टोपी आणि कमरेला खरं पिस्तूल. "जिना अरुंद आहे. एका वेळी एकाच कुटुंबाला सोडतो. इथे नाव लिहा, आणि सोबत कोण आहे त्यांच्याशी नातं."

वेल्डनने पेन घेतलं. नातं या रकान्यापाशी तो थांबला. थांबला म्हणजे किती, तर पहारेकऱ्याने एक चॉकलेट सोलून खाल्लं. मग वेल्डनने एकच शब्द लिहिला. पहारेकऱ्याने वही फिरवून मोठ्यांदा वाचलं, "श्री. वेल्डन श्रॅम. नातं, बायको. जा वर, सांभाळून."

एकशे बारा पायऱ्या. वर पोचेपर्यंत वेल्डनचे कान त्या वालुकाश्माच्या रंगाचे झाले होते. घड्याळाच्या मागे, कबुतरांच्या घाणीत उभा राहून तो म्हणाला, "रकाना लहान होता, मिस नेल्डा."

"असं?"

"शेजारीण आणि कॅलेंडर समितीच्या सभासद, एवढं मावलं नसतं."

मी खाली उतरताना वहीजवळ थांबले. उघडीच होती. नोंद वाचली. पेन दोरीने बांधलेलं तिथेच लटकत होतं. मी चष्मा काढला, पर्समध्ये ठेवला आणि गाडीकडे चालू लागले.

इथे कायद्याचं थोडं सांगते, कारण पुढचा घोळ त्याशिवाय कळायचा नाही. आमच्या राज्यात लग्न करायला पाद्री लागतोच असं नाही. दोघांनी आपण नवराबायको असं मनापासून कबूल करायचं, एका छपराखाली राहायचं, आणि चार लोकांत नवराबायको म्हणून वावरायचं. या तीन अटी जमल्या की झालं लग्न. नंतर वाटलं तर कोर्टात येऊन फॉर्म भरायचा, नोंद पक्की. मी तसले शेकडो फॉर्म शिक्का मारून दिले आहेत. आळशी लोकांचं लग्न म्हणायचे मी त्याला, आणि नाक मुरडायचे. आता वेल्डन गाडी चालवत होता, मी खिडकीबाहेर बघत होते, आणि मनात आपोआप हिशेब लागला की तीनातली एक अट एका टोपीवाल्यासमोर अर्धीमुर्धी पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. एकोणतीस वर्षं कोर्टात काढलेल्या बाईला शनिवारी कोर्ट बंद असतं हे आठवू नये, याला काय म्हणावं. पण त्याहून मोठी चूक दोघांची मिळून होती. नोव्हेंबरचा पहिला शनिवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. हे टेक्सासातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खुद्द वेल्डन दरवर्षी त्या दिवशी पहाटे झाडावर जाऊन बसतो. यंदा तो विसरला. कसा विसरला म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "डोक्यात दुसरं होतं." दुसरं काय, ते सांगितलं नाही. मला मात्र त्यानंतर वीस मैल तेच पुरलं.

आदल्या रात्री मिळाल्या तशा दोन वेगळ्या खोल्या आज कुठेच नव्हत्या. प्रत्येक मोटेलसमोर चिखलाने माखलेले ट्रक आणि पानाफुलांच्या रंगाचे कपडे घातलेले बाप्ये. सातव्या मोटेलात एक खोली निघाली. मालकीणबाईने विचारलं, "नवराबायकोच ना? कारण दोन पलंग आहेत, पण खोली एकच."

वेल्डन तिथल्या माशांच्या काचपेटीकडे टक लावून बघायला लागला. माझा गुडघा ठणकत होता. शेजारीण, कॅलेंडर, बंब, टायर, एवढं सगळं त्या बाईला समजावण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी म्हटलं, "हो."

दोन पलंगांच्या मधोमध भिंतीवर एक पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं होतं. सकाळी मला जाग आली तेव्हा ते माझ्याकडे बघत होतं, आणि वेल्डन बाहेर पायरीवर दोन कप कॉफी घेऊन बसला होता. माझ्या कपात दूध जास्त, साखर नाही. मी हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. रविवारीही एकच खोली मिळाली, सोमवारीही एकच. लव्हर्नला दाखवायच्या पावत्यांचं काय होणार, याची काळजी मी सोमवारपासून सोडून दिली.

मधल्या कोर्टांबद्दल लिहायचं तर रात्र पुरायची नाही. एका कोर्टावर चार घड्याळं आणि चार वेळा. तिथला माळी म्हणाला, पूर्वेचं घड्याळ बँकेसाठी, दक्षिणेचं दारूच्या दुकानासाठी. एका घुमटावर न्यायदेवतेचा पुतळा होता, पण हातातला तराजू गायब. मला राहवेना. तीन दुकानांत जाऊन विचारलं. एकाने वादळाला दोष दिला, दुसऱ्याने शेजारच्या काउंटीला, आणि तिसरी आजीबाई म्हणाली, "तराजू नव्हताच कधी. आमचा पहिला जज्ज अंदाजपंचेच निकाल द्यायचा." मला हे सगळं ऐकायला फार आवडतं. एकोणतीस वर्षं मी एकाच खिडकीतून जग बघितलं. बाकीच्या दोनशे त्रेपन्न खिडक्यांत काय चाललंय, ही हुरहुर पोटात होतीच. वेल्डन माझ्यामागे पर्स धरून उभा राहायचा. कंटाळला नाही. एकदा तर म्हणाला, "अजून विचारा ना, वादळ कुठल्या साली झालं."

सोमवारी गॅडिस काउंटीत मात्र अब्रू गेली. गावात शिरताच काय सुंदर मनोरा दिसला म्हणून सांगू. वेल्डनने दोन तास खपून फोटो काढले. सूर्य योग्य जागी यावा म्हणून आम्ही हिरवळीवर बसून कोलाचे खाल्ले. मग आतला जिना बघावा म्हणून दार ढकललं, तर समोर उघडी शवपेटी. वीसेक काळ्या कपड्यांतली माणसं वळून आमच्याकडे बघायला लागली. कोर्ट ऐंशी वर्षांपूर्वीच दुसऱ्या गावी गेलेलं, आणि जुनी इमारत अंत्यसंस्कारवाल्याने घेतलेली. पाऊल मागे घेणार तोच एका बाईने माझे दोन्ही हात धरले. "इतक्या लांबून आलात. डेलमार काकांना बरं वाटलं असतं. आणि हे?"

वेल्डनने हॅट काढून छातीशी धरली होती. त्याने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही माझी मिसेस." पेटीसमोर खोटं बोलणारा हा माणूस चाळीस वर्षांत एकदाही विजेचं मीटर मागे फिरवू न देणारा. आम्ही डेलमार काकांसाठी दोन स्तोत्रं म्हटली. बटाट्याचं सॅलड आग्रहाने वाढलं तेही खाल्लं. खरं कोर्ट अकरा मैलांवर निघालं. ते एखाद्या बुटांच्या खोक्यासारखं होतं. कॅलेंडरवर मे महिन्यात कुठली इमारत छापलीय, ते कृपा करून गॅडिसच्या लोकांना कळवू नका.

मंगळवारी अकरावं कोर्ट, टॅन्सिल काउंटीचं. त्या दिवशी मतदान होतं, आणि मतदानकेंद्र कोर्टातच. वेल्डनने कॅमेरा वर करताच छातीवर बिल्ला लावलेली एक बाई धावत आली. "शंभर फुटांच्या आत फोटो चालत नाहीत. मागे व्हा."

वेल्डन कायद्याला मानणारा. तो तोंडाने मोजत, फूटफूटभराची पावलं टाकत मागे सरकायला लागला. डोळा कॅमेऱ्याला, पाठ चौकाकडे. शहाऐंशी, सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वदाव्या पावलाला मागे कारंजं होतं. कॅमेरा त्याने वरच्या वर धरला, बाकीचा वेल्डन सगळा पाण्यात. एक बूट वाहून जाळीत अडकला तो कायमचा.

बिल्लावाली बाई मला म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना मागे बघून चालायला शिकवा."

"ऐकतात कुठे," मी म्हटलं. "इतकी वर्षं सांगतेय."

बोलले आणि माझी मीच दचकले. ना काचपेटी, ना गुडघा, ना अरुंद जिना. कोणी बळजबरी केलेली नसताना माझ्या तोंडून हे कसं सहज घसरलं. वेल्डन पाण्यात बसूनच माझ्याकडे बघत होता.

घराकडे निघालो. तो एका पायात बूट घालून गाडी चालवत होता. मधेच म्हणाला, "मिस नेल्डा, पहिल्या दिवशी मी त्या वहीत लिहिलं ते. खोटी नोंद करणं गुन्हा असतो का?"

देवा, माझ्या जिभेला तेव्हा काय झालं होतं. समोर माणूस धडपडत काहीतरी बोलू बघतोय, आणि मी काय बोलावं? एकोणतीस वर्षांची कारकुनी माझ्या तोंडून बोलली. "सरकारी वहीत जाणूनबुजून खोटी माहिती लिहिणं हा गुन्हाच आहे. दंड होतो. नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते."

"असं," तो म्हणाला, आणि पुढे साठ मैल रेडिओवरचं हवामान ऐकत राहिला. रडू येत होतं, आणि स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटत होत्या. घरी आल्यावर शेरिलचा फोन आला, तो मी उचलला नाही.

बुधवारी बारावं कोर्ट. ते आमचंच, लॉटमनचं. घरचंच आहे म्हणून शेवटी ठेवलं होतं. वेल्डन इस्त्रीचा शर्ट आणि नवे बूट घालून आला. मी पायऱ्यांवर सावलीत बसले, त्याने फोटो काढले, आणि मग एकदम म्हणाला, "आत जाऊन येऊ. नोंद दुरुस्त करायचीय."

म्हणजे हा वहीतला बायको हा शब्द खोडायला निघाला होता. मी म्हटलं, ती नोंद प्रुइटची, इथे काय होणार? "विचारू तरी," म्हणत तो निघालासुद्धा. मी त्याच्यामागून चालताना मनातल्या मनात फीनिक्सचं सामान बांधायला लागले.

डावीकडच्या माझ्या खिडकीत आता ब्रेंडा लू बसते. तिला काम मी शिकवलं. वेल्डनने हॅट काढली. "ब्रेंडा, एका वहीत मी नातं चुकीचं लिहिलंय. काय करावं लागेल?"

"काय लिहिलं होतं?"

"बायको."

ब्रेंडाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरगी लबाड आहे, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "दोन मार्ग आहेत, मिस्टर श्रॅम. नोंद खोडायची, नाहीतर खरी करायची."

वेल्डन माझ्याकडे वळला. त्याची हॅट हातात गोल गोल फिरत होती. "नेल्डा," तो म्हणाला. मिस गेली होती. नऊ वर्षांनी गेली होती. "तू फीनिक्सला जाऊ नकोस. मला बोलता येत नाही. रकाना लहान होता हे खोटं. रकाना चांगला ऐसपैस होता."

ब्रेंडाने तेवढ्यात ड्रॉवरमधून तो फॉर्म काढून खिडकीत ठेवला सुद्धा. आळशी लोकांचा. आता मात्र माझ्यातली कारकून जागी झाली. मी म्हटलं, "ब्रेंडा, हा चालणार नाही. शपथेवर लिहायचं असतं. एका छपराखाली राहिलो, खरं आहे, हरीण साक्षीला आहे. चार लोकांत सांगितलं, तेही खरं, मेलेल्या माणसासमोर सांगितलं. पण कबुली आधी लागते. आज कबूल केलं तर मागची तारीख कशी घालणार? खोटी नोंद मी करायची नाही."

"मी शुक्रवारीच कबूल केलं होतं," वेल्डन म्हणाला. "पेन उचललं तेव्हाच."

"ठीक," ब्रेंडा म्हणाली. तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला. "आणि तुम्ही कधी केलंत, मिस नेल्डा? शपथेवर सांगायचंय. तुम्हीच शिकवलंय."

तारखेचा रकाना माझ्यासमोर रिकामा होता. मी पर्समधून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. "मनोऱ्यावरून उतरताना मी वही वाचली होती," मी म्हटलं. "पेन तिथेच लटकत होतं. एकोणतीस वर्षांत एकही चुकीची नोंद मी न खोडता सोडलेली नाही. ती सोडली."

आणि मी लिहिलं, एकतीस ऑक्टोबर.